मांगरातलं नॉर्वे

बसा ओ. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय ढिला आहे, इकडे बाकड्यावर बसा. तुमची एसटी सव्वापाचची, आणि ती पावणेसहाच्या आत आलेली मी तरी कधी बघितली नाय. तेवढ्या वेळात आमच्या घरानं मांगरात नॉर्वे कसं उभं केलं आणि त्यात कोण पास झालं नि कोण नापास, ते सगळं सांगून होतं. मागल्या खेपेला विहिरीचं सांगितलं होतं ना, सदू नि मी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो ते? हे त्याच्या नंतरचं. बोलायला लागल्यावर माणसं जास्त कशी भांडतात, ते यात आहे.

सदू माझा थोरला भाऊ. तोंडावर दादा म्हणतो, पाठीमागे सदू. आंब्याची कलमं आम्हा दोघांची, पण झाडं त्यालाच ओळखतात. मी अठ्ठावीस वर्षं जहाजावर भंडारी होतो, म्हणजे स्वयंपाकी. गुडघा गेला तेव्हा घरी आलो. लग्न केलं नाय, त्यामुळे सदूची मुलगी अक्षया हीच माझी काय ती प्रजा. ती रत्नागिरीत कॉलेजात मासे शिकते. म्हणजे ते वाढवायचे कसे, टिकवायचे कसे, त्यांना रोग कसले होतात, ते. गणपती गेले नि एक दिवस येऊन म्हणाली, पुढची सहामाही नॉर्वेत शिकायला मिळतेय, बर्गनला. वर्गातल्या दोघांनाच. खर्च तिकडचं कॉलेज करणार. जानेवारीत जायचं, जूनमध्ये परत. फक्त एका कागदावर बापाची सही पाहिजे, आणि तो कागद नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी कॉलेजात द्यायचा.

सदूनं एवढंच विचारलं, आपल्या मिरकरवाडा बंदरातले मासे संपले काय?

झालं, घराचे दोन भाग पडले. राजश्रीवहिनी, म्हणजे सदूची बायको, पोरीच्या बाजूनं. कारण सही व्हायच्या आधीच तिनं सगळ्या वाडीत सांगून टाकलं होतं, आता मागे फिरणार कशी. मी पोरीच्या बाजूनं. सदू विरुद्ध. त्यानं आपली बाजू जड करायला देवरूखहून सगुणाआक्काला बोलावून घेतलं. आक्का आम्हा भावंडांत सगळ्यांत मोठी. पिशवी खाली ठेवायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी तिनं ‘नको’ सांगून टाकलं, मग विचारलं, कशाला नको म्हणायचंय रे?

दीड महिना तेच ते. सदूला खर्चाचं काही पडलं नव्हतं, लोक काय म्हणतील याचंही नाय. त्याचं म्हणणं एकच, वीस वर्षांची झाली तरी ही पोर कधी एक रात्र एकटी राहिलेली नाय. मागल्या दारी कपडे आणायला गेली तरी आईशी बोलत बोलत जाते. ती तिकडे काय करणार? एका रविवारी जेवताना त्यानं ताटावरून हात उचलला आणि म्हणाला, “आठ दिवस मांगरात एकटी राहून दाखव. कोणाची मदत नाय. मग करतो सही.”

माणूस ‘मिशी काढीन’ म्हणतो ना, तसं ते होतं. त्याला वाटलं, पोर रडेल नि विषय मिटेल. अक्षयानं आमटी वाढून घेतली आणि म्हणाली, “चालेल. शनिवारपासून राहते.”

मांगर म्हणजे आमच्या बागेतली खोली. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, शेणानं सारवलेली जमीन, पुढे पडवी. हंगामात आंब्याची राखण करायला गडी येतात ते तिथं राहतात, बाकीचे महिने पालींचं राज्य. नळ नाय, विहीर आहे. लाइट आहे, म्हणजे तार आहे. घरापासून दहा मिनिटं. मागल्या दारात उभं राहिलं की कौलं दिसतात, हे लक्षात ठेवा.

पंच कोण? मी. कारण बर्गन बघितलेला घरात मी एकटा. तीस वर्षं हे घर माझ्या तोंडून बर्गन ऐकत आलंय. जहाजाच्या शिडीवरून उतरलं की डाव्या हाताला मासळीबाजार, समोर रंगीत लाकडी घरं, त्यातल्या लाल दाराच्या दुकानात एक म्हातारी बसते, ती खलाशाला कॉफी देते. वाडीतल्या पोरांनापण पाठ झालं होतं. तर मी नियम केले. मांगरात कोणी जायचं नाय, काही पाठवायचं नाय. ती घराच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आली तर नापास. रोज संध्याकाळी सातला फोन, तोपण तोंड दिसणारा, कारण तिकडून तसाच येणार. आणि थंडीचं नि अंधाराचं मी बघतो म्हटलं. नुसतं एकटं राहून काय उपयोग, नॉर्वे वाटायला नको?

अक्षया म्हणाली, “काका, बर्गनला जानेवारीतपण सहा तास उजेड असतो.”

मी म्हटलं, ते पुस्तकात.

शनिवारी सकाळी मिरकरवाड्यातून बर्फ आणला. माशांवर घालतात तो, कुटलेला, चार क्रेट. मांगराच्या चार कोपऱ्यांत ठेवले. खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. नॉर्वेचं घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे म्हणून भिंतीवरचे काटे मागे फिरवले. जहाजाच्या फ्रीजरमध्ये शिरताना घालायचा माझं जाडं जाकीट तिच्या अंगावर चढवलं, ते तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. एक विजेची शेगडी दिली, कारण तिकडे चूल नसते. मग दार ओढून घेतलं. फार बरं वाटलं ओ. आपल्या हातानं एक देश बांधला असं वाटलं.

नोव्हेंबरातलं ऊन, कौलं तापली. दोन तासांत नॉर्वे वितळलं. सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला. आणि तो बर्फ आदल्या दिवशी बांगड्यांवर असणार, कारण असा वास सुटला की वाडीतली सगळी मांजरं एकामागून एक बागेकडे निघाली. लग्नाला निघाल्यासारखी. संध्याकाळी सातला फोनवर पोरीचं तोंड दिसलं ते घामानं निथळलेलं, आणि मागे पडवीभर मांजरं. तिनं कुदळ शोधून उंबऱ्याखाली चर मारला होता, सगळं पाणी कलमाच्या मुळाशी सोडलं होतं, आणि आता पाटावर पाय घेऊन बसली होती. मी विचारलं, कसं काय नॉर्वे? म्हणाली, “काका, ओलं आहे.”

मग फोन सदूकडे दिला. सदूला फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू. तुम्ही कितीही सांगा, समोर धर, तोंड दिसतं, तो ‘हां हां’ म्हणतो नि कानाला लावतो. आठ दिवस त्या पोरीला बापाचा कान दिसला. तो ओरडून विचारायचा, जेवलीस काय? ती सांगायची, बाबा, माझ्या घड्याळात आत्ता अडीच वाजलेत, जेवून झोपायची वेळ आहे. तेवढंच बोलणं.

रविवारी सकाळी सदूची चंची हरवली. चंची माहीत आहे ना, पान-तंबाखूची कापडी पिशवी. ती नसली की त्याला आपण कपडे घातलेत की नाय अशी शंका येते. आधी वहिनीवर ओरडला, मग आक्कावर, मग माझ्यावर. मी म्हटलं, दादा, मी तंबाखू सोडून सात वर्षं झाली. तर म्हणाला, तेच ना, त्याचाच तुला राग. आठवडाभर येता-जाता मला चोर म्हणत होता. नवीन चंची शिवून देते म्हटलं वहिनीनं, तर तेही नको. आता हे चंचीचं जरा बाजूला ठेवा.

सोमवारी वहिनी फुटली.

हे तिनं मला नंतर सांगितलं, हसत, पण डोळे पुसत. सकाळपासून लाइट गेलेली. म्हणजे विजेची शेगडी बंद, म्हणजे चूल. वहिनी सूप घेऊन मागल्या दारी बसली नि मांगराच्या कौलांकडे बघत तेच तांदूळ तीन वेळा पाखडले. आधी धूर दिसेना. पोरीनं आयुष्यात चूल पेटवली नाय, उपाशी बसली असेल. मग धूर दिसला तो असा की अख्खी बाग पेटली असावी. गंमत बघा, जूनपर्यंतचं सामान वहिनीच्या डोक्यात भरून तयार होतं. मसाला किती, आमसुलं किती, कुळथाचं पीठ कुठल्या पिशवीत, सुके बोंबील विमानात चालतात की नाय, सगळं. फक्त आजच्या दुपारचं कोणी बघत नव्हतं. तिनं डबा भरला. भात, पिठी, तळलेला बांगडा. पदराखाली घेऊन गेली, मांगराच्या अलीकडे काजूखाली ठेवला, हाक मारायची नाय म्हणून दोनदा खोकली, नि पळत परत आली. येऊन सदूला म्हणाली, तुमचं बरोबर आहे, नको पाठवू या. तीन दिवसांपूर्वी वाडीला पेढे वाटायला निघालेली बाई.

सदूला वाटलं जिंकलो. आता फक्त मी एकटा उरलो होतो, आणि माझं कोण ऐकतंय.

पण वहिनीला जाताना आक्कानं बघितलं होतं. आक्काचा स्वभाव असा, दुसऱ्यानं नियम मोडला तर तिला तो मोडायची परवानगी मिळते. घावणे बांधले नि गेली पाठोपाठ. तिनं काय बघितलं? अक्षया चुलीपुढे बसलेली. तोंड काळं, डोळे लाल. टोपातला भात खाली करपलेला नि वर कच्चा. मधला काढून घेतला, त्यावर मीठ घातलं आणि मांडीवर थाळी घेऊन खाल्ला. काजूखालचा डबा तिला दिसला होता, उचलून आणून पडवीत ठेवलेला पण होता. उघडला नव्हता. आक्का कलमाच्या आडून बघत राहिली. गुडघे दुखतात तिचे, तरी अर्धा तास उभी. घावणे काजूच्या फांदीला टांगले आणि आली.

त्या संध्याकाळचा फोन झाला. सदू नि वहिनी एका बाकड्यावर, कधी नव्हे ते. सदू म्हणाला, हे नाटक आता पुरे, उद्या तिला घरी घेऊन येऊ. वहिनीनं मान हलवली. आक्का वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, “सद्या, मला कोणी मांगरात ठेवून बघितलं होतं रे?”

सदू म्हणाला, तुझा काय संबंध?

“सतरावं सरलं नव्हतं. देवरूखला कोणाच्या घरात चाललेय ते मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं तोंड मांडवात बघितलं. चूल पेटते की नाय, रात्री भीती वाटते की नाय, कोणी विचारलंत? तुम्ही सगळे जेवून हात धुवून आलात नि मी कायमची गेले. ही पाच महिन्यांत परत येणार आहे.” मग वात ठेवली नि म्हणाली, “मी आता तिच्या बाजूची. मला चहा कर गो राजश्री.”

वहिनी उठली. चहा केला. सदू कान खाजवत बसला.

बुधवारी मी गेलो. पंच म्हणून पाहणी करायला गेलो, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे चार दिवस तिचा आवाज ऐकून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. फोनवर हसायची, पण हसून झाल्यावर लगेच फोन ठेवायची. जहाजावर नवी पोरं घरी बोलताना असंच करतात. मी खिडकीशी गेलो. आतून घोंगडी, बाहेर मी. ना तिला माझं तोंड दिसत होतं, ना मला तिचं. मी खाकरलो. तिनं ओळखलं. मग म्हणाली, “काका, मला नाही जायचं.”

मी विचारलं, अंधाराचं भय वाटतं? म्हणाली, नाही. भूक? नाही. भात आता जमतो. मग?

“इथं मी हाक मारली तर कोणी तरी येईल. तिथं हाक मारली तर ती हाक आहे हेच कोणाला कळणार नाही.” आणि मग, “तुम्ही बर्गनला पहिल्यांदा उतरलात तेव्हा तुम्हाला असं झालं नव्हतं?”

काय ओ सांगू तुम्हाला. तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हातारीची कॉफी गोड होती काय, विचारलं. बाजारात कुठले मासे होते, विचारलं. मी खिडकीच्या दगडावर बसलो. समोर कलमाला पहिला मोहर डोकावत होता, तो बघत बसलो. मग म्हटलं, “बाय, मी उतरलोच नाय.”

आत थाळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

म्हटलं, “चार दिवस जहाज धक्क्याला होतं. खिशात खाली उतरायचा पास होता. दोनदा शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत गेलो. खाली सगळ्या पाट्या त्यांच्या भाषेत. मला वाटलं, पुढे गेलो नि परत येताना जहाज सापडलं नाय, तर विचारू कोणाला? कसं विचारू? दोनदा परत आलो नि कांदे कापत बसलो. पुढे दुसऱ्या बंदरांत उतरलो, सगळीकडे उतरलो. पण ते जहाज परत बर्गनला गेलं नाय.”

“मग बाजार? आणि ती लाकडी घरं?”

“ते धाकूनं बघितलं. सावर्ड्याचा धाकू, इंजिनावर होता. तो फिरून यायचा नि मला गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, बसून सांगायचा.”

“म्हणजे कॉफी...”

“धाकूनं प्याली.”

तिनं नाक ओढलं. मला वाटलं, पोर रडतेय. मग फुस्स असा आवाज आला, आणि मग ती जी हसायला लागली, की पडवीतली मांजरं उठून उभी राहिली. मीपण हसलो. नाय तर काय करणार. हसून झाल्यावर म्हणाली, “काका, ती घोंगडी काढा. उगाच अंधार होतोय.”

मी उपटली. बघतो तर ती माझं जाकीट घालून उभी, बाह्या कोपरापर्यंत मुडपलेल्या. त्यानंतर मी तिला ‘जातेस काय’ असं विचारलं नाय, नि तिनंपण सांगितलं नाय.

शनिवारी दुपारी निकाल. आम्ही सगळे बागेत निघालो. सदूनं धुतलेला शर्ट घातला होता, कोर्टात जातो तसा. पेन मात्र घेतलं नव्हतं. मी बघितलं, खिसा रिकामा.

अक्षयानं पडवी झाडून ठेवली होती. जमीन तिनंच परत सारवलेली, हातभर जागा जास्त ओली होती, पण सारवलेली. आम्हाला कोरा चहा दिला. पिण्यासारखा होता ओ, खोटं नाय. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजले होते. आणि पडवीच्या कडेला डबे मांडलेले, घासून पुसून, उन्हात चकाकणारे. वहिनीचे चार, आक्काचे तीन. म्हणजे दोघी सोमवारनंतर थांबल्याच नव्हत्या. दोघी एकमेकींकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागल्या.

सदू डब्यांच्या रांगेपुढून चालला. शेवटच्या डब्यापाशी थांबला. “मदत झाली,” म्हणाला. “नियम तो नियम.”

वहिनी म्हणाली, तिनं खाल्लं नाय, मांजरांना घातलं. अक्षया म्हणाली, “आई, पहिल्या दोन दिवसांचं मांजरांना घातलं. मग खाल्लं. बांगडा होता, मी काय वेडी आहे?” खरं बोलायची तिला ही खोड आहे, बापाकडून आलेली.

सदू वळला. जिंकलेल्या माणसाचं तोंड नव्हतं ते. सुटलेल्या माणसाचं होतं. म्हणाला, चला घरी, सामान उचला.

तेव्हा अक्षया आत गेली. आली ती हातात एक कापडी पिशवी घेऊन. लाल नाडी, कोपऱ्यावर चुन्याचा डाग. “बाबा, तुमची चंची. रविवारी सकाळी त्या पायरी आंब्याच्या कलमाखाली मिळाली. खाली गवत दबलं होतं, माणूस झोपल्यासारखं. रोज सकाळी तिथं गवत नव्यानं दबलेलं असायचं. आणि चुलीची लाकडं कोण फोडून ठेवतं तेपण मला कळत नव्हतं, पण त्यावर तुमच्याच कोयत्याचा घाव होता.”

आता तुम्हीच बघा, घरी रोज पहाटे हा माणूस सांगायचा, बागेत मोहर बघायला जातो. आणि आम्हाला वाटायचं, रात्री जेवून हा मागल्या खोलीत झोपतो. वहिनीनं हात तोंडावर ठेवला. आक्का हळूच म्हणाली, मेला शिंकत होता आठवडाभर, मी म्हटलं मोहरानं असेल. आणि मी आठवडाभर चोर.

सदूनं चंची घेतली. नाडी सोडली, परत बांधली. पान काही लावलं नाय. मग पोरीकडे न बघता घराच्या दिशेनं बघून म्हणाला, “मांगर घरातून दिसतो. तिथलं काय दिसणार?”

तर विषय हा होता ओ. दोन महिने हाच होता. आम्ही उगाच बर्फ आणला.

अक्षया त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. “बाबा, तुम्ही फोन कानाला लावलात तर काहीच दिसणार नाही. समोर धरायचा.” आणि तिनं आपला फोन त्याच्या हातात दिला, त्याचा हात धरून तोंडासमोर आणला. त्यात त्याला आपलंच तोंड दिसलं. आठवडाभर दाढी न केलेलं, कानाच्या वर गवताची काडी अडकलेली. बघत राहिला. मग म्हणाला, “हा कोण म्हातारा?”

आधी आक्का हसली. मग सगळेच.

पेन तिच्या जाकिटाच्या खिशात होतं. कागदपण. पडवीत सपाट जागा कुठे नव्हती, डबे मांडलेले. सदू मला म्हणाला, वाक रे लवू. दोन वर्षं ज्यानं माझ्याकडे पाठ फिरवली होती त्यानं माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. दाबून केली. मला वाटतं, अजून सही उमटलेली असेल तिथं. वर उठताना त्यानं विचारलं, आणि हा लवू? हा आला नाय एकदापण?

अक्षया म्हणाली, “काका फक्त घोंगडी काढायला आले होते.”

बाकीचं काय, सगळीकडे होतं तसं. सामानात बोंबील घालायचे की नाय यावरून वहिनी नि आक्काचं तीन दिवस बोलणं बंद. शेवटी बोंबील राहिले, कुळथाचं पीठ गेलं, आमसुलं गेली, माझं जाकीट अंगावर गेलं. सदू मुंबईपर्यंत सोडायला गेला. आता रोज संध्याकाळी फोन येतो, वहिनीच्या फोनवर. सदू तो दोन हातांनी समोर धरतो, आरती धरतो तसा. त्यामुळे बाकी कोणाला काही दिसत नाय.

तुमची एसटी येईल आता, लांबवत नाय. एक काम होतं. जाताना तिनं तिचा जुना फोन मला दिला होता, गुपचूप. परवा त्यावर एक फोटो आला. हा बघा. धक्का आहे, ओला दगड, पलीकडे जहाजाची शिडी, आणि हे तिचे बूट. तोंड नाय, नुसते बूट. खाली लिहिलंय ते मी वाचलं, चौथीपर्यंत शिकलोय तेवढं. ‘काका, आपण उतरलो.’

दोन दिवस झाले, उत्तर द्यायचं राहिलंय. बोलूनपण पाठवता येतं म्हणे, पण माझा आवाज गॅलीतला, बोललो की अख्ख्या वाडीला कळेल, सदूला तर पहिलं. आणि ती बारीक अक्षरं माझ्या बोटाला सापडत नायत, एक दाबावं तर दोन येतात. तर तुम्ही जरा लिहून द्या. फार नको. मोजे दोन घाल, एवढंच लिहा. आणि खाली लिहा, काका.